आखाजीची चूळ

दोन हजार तेवीस साली, धूळवड होऊन आठवडा झाला असेल, दिपमाला धुळ्याहून परत आली आणि पाठीवरची बॅगसुद्धा न उतरवता गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांच्या, म्हणजे पापडांच्या, कडेला बसून रडू लागली.

पुष्पाबाईंच्या हाताला ज्वारीचं घाटं लागलेलं होतं. त्यांनी हातातला गोळा ओल्या फडक्यावर थापला, कड सारखी केली आणि मगच नातीकडे पाहिलं. घाटं गार झालं की बिबडा थापता येत नाही. रडण्याचं उलटं असतं. ते जरा गार झाल्याशिवाय त्यातून शब्द नीट बाहेर पडत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या बाईला एवढं कळतंच.

"बिबडासवर रडू नको, व माय," त्या म्हणाल्या. "मीठ जास्ती व्हई जाई."

दिपमाला नाक पुसत हसली आणि हसता हसता पुन्हा रडली.

हळूहळू कळलं ते असं. फौजेच्या भरतीत ती दुसऱ्या खेपेला पास झाली होती. पळणं झालं, उड्या झाल्या, लेखी झाली, डॉक्टरी झाली. सैन्यातल्या पोलीस दलात मुली घेतात, तिथे तिची निवड झाली होती आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुढच्या आठवड्यात बंगळूरला ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं. तोवर अंग तयार राहावं म्हणून ती धुळ्याला प्रेमराज नानांच्या मैदानावर गेली होती. प्रेमराज नाना निवृत्त हवालदार. फौजेत निघालेल्या पोरापोरींना ते आधी चांगलं घासूनपुसून घेत. अंगाचं काही अडलं नाही. पळण्यात ती निम्म्या पोरांच्या पुढे होती. पण एके सकाळी तिच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली, नाना तिच्या तोंडासमोर येऊन ओरडले, आणि रांगेत सगळ्यांच्या देखत तिला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं तिच्याकडे तोंड वळवलं तरी फुटलं. तिसऱ्या दिवशी तिने घराकडची, पारोळ्याची बस धरली.

"मी घाबरत नाही मोठमाय," ती आजीला म्हणाली. "मला वाईटपण वाटत नाही. कोणी ओरडलं की गळाच दाटतो, आपोआप. आणि बंगळूरला तर शिकवणारे उस्ताद दिवसभर ओरडतात. नाना म्हणे, माझं ओरडणं म्हणजे अंगाई समज. मी तिथे रोज रडणार."

"मंग? रडनी ते घर धाडतस?"

"नाही धाडत. मीच येईन पळून. आज आले तशी." तिने बॅगेचा पट्टा मुठीत धरला. "आणि एकदा पळून आलं की पुन्हा घेत नाहीत."

पुष्पाबाईंनी पुढचा गोळा घेतला. तो थापून झाल्यावर म्हणाल्या, "चूक तुनी नही. या घरनी शे."

ते खरं होतं. त्या घरात आवाज म्हणून कधी चढत नसे. दिपमालाचा बाप नवल बैलाला 'चल' म्हणायचा तेही परवानगी मागितल्यासारखं. आई हेमांगी अंगणवाडीत शिकवायची आणि दुसऱ्याचे केस ओढणाऱ्या पोरालाही 'राजा' म्हणायची. गल्लीत कुठे भांडण लागलं तर हे दोघं आपल्याच घराची खिडकी लावून घेत, समोरच्यांना संकोच नको म्हणून. अशा घरात वाढलेल्या पोरीच्या कानावर दरडावणं म्हणून पडलं नव्हतं.

आणि गंमत अशी, की ज्या बाईच्या पोटी हा नवल जन्माला आला, तिच्याएवढ्या शिव्या बोरी नदीच्या दोन्ही काठांना कुणाला येत नव्हत्या.

नदीच्या या काठाला निंबाळे, त्या काठाला सारोळे. आखाजीला लेकी माहेरी येत. झोके होत, सांजोऱ्या होत, आणि गौराई पाण्यात सोडायला दोन्ही गावच्या पोरीबाळी नदीवर जमल्या की बार लागे. अल्याडच्या बायकांनी पल्याडच्यांना शिव्या घालायच्या, पल्याडच्यांनी त्या व्याजासकट परत करायच्या. नेम दोनच. मेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही आणि रडायचं नाही. जिच्या डोळ्यांत पाणी आलं तिचं गाव हरलं. बार संपला की तोंड धुऊन ज्या त्या आपल्या घरी. तिथलं बोलणं घरी आणायचं नाही, ते पाण्याला दिलेलं असे.

पुष्पाबाई सारोळ्याची लेक, निंबाळ्याची सून. त्यांची नणंद सुंदरबाई निंबाळ्याची लेक. त्यामुळे वर्षभर एकमेकींच्या डोक्याला तेल लावणाऱ्या या नणंद-भावजया आखाजीला दोन काठांवर समोरासमोर उभ्या ठाकत. त्यांचा बार ऐकायला लांबलांबच्या गावची माणसं बैलगाड्या जुंपून यायची. वर्षाचा सगळा आवाज पुष्पाबाई त्या एका दुपारी खर्च करून टाकत. घरात मग बारा महिने शांतता.

पुढे वरती धरण झालं, उन्हाळ्यात नदीची नुसती वाळू उरू लागली, सुनाबाळींना शिव्यांची लाज वाटू लागली. बार बंद पडून वीस-बावीस वर्षं झाली होती. सुंदरबाई आता म्हातारपणी माहेरीच येऊन राहिल्या होत्या, दोन घरं सोडून.

उन्हं उतरल्यावर पुष्पाबाई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि नातीची हकिकत सांगितली.

"इतलंच ना?" सुंदरबाई म्हणाल्या. "मी म्हनू, पोर पाय मोडीसन उनी."

"अक्का, तुम्हना आवाज शे का अजून?"

सुंदरबाईंनी गालावरून हात फिरवला.

"आवाज शे," त्या म्हणाल्या. "दात तेवढा गयात."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना दिपमाला मारुतीच्या देवळापासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर पळू लागली, तेव्हा देवळाच्या पारावर दोघी म्हाताऱ्या पदर खोचून बसलेल्या होत्या. ती जवळ आली तशी पुष्पाबाईंनी घसा साफ केला.

"पयी ऱ्हायनी, का हयद लागेल नवरी चाली ऱ्हायनी?"

"अशी पयशी ते हाऊ मारोती देव्हळमाथून उठीसन पुढे निंघी जाई," सुंदरबाईंनी जोड दिली.

दिपमाला थांबली. हे आपल्या भल्यासाठी चाललंय हे तिला ठाऊक होतं, बोलणाऱ्या दोघींनी तिला न्हाऊमाखू घातलेलं होतं, तरी तिचा चेहरा विरघळत गेला. सुंदरबाई कळवळून पारावरून उतरायला निघाल्या. पुष्पाबाईंनी त्यांचा पदर धरला.

"बठा अक्का. व्हऊ द्या तिनं."

पोर रडली, तोंड पुसलं, पुन्हा पळाली. पुन्हा तेच.

तिसऱ्या-चौथ्या सकाळपर्यंत गल्लीतल्या बायका चहाचे कप घेऊन पारावर जमू लागल्या. मोकळ्या तोंडाने, पुण्याईच्या कामासाठी शिव्या द्यायला मिळतात ही संधी कोण सोडणार? जुन्या बायकांना जुने सगळे ठेके आठवले. आणि नवीन लग्न होऊन आलेली सुलक्षणा, जिने घरात मान वर करून पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, तिची जीभ अशी निघाली की तिची सासू तिसऱ्या ओळीला हसत हसत खाली बसली आणि चौथ्या ओळीला विचारात पडली.

एकदा नवललाही बसवलं. बापाचा आवाज लेकीला सोसला पाहिजे, असं सुंदरबाईंचं म्हणणं. दिपमाला धापा टाकत समोर आली.

"बेटा," नवल म्हणाला, "आज जरा... उशीर झाला का तुला?"

पारावर हशा उसळला. "नवल, तू घर जाय," पुष्पाबाई म्हणाल्या. "म्हशीले पानी पाज."

तो खाली मान घालून गेला. जाताना लेकीच्या बुटाकडे मात्र बघून गेला. नाडी घट्ट होती.

आठवडा उलटला आणि एका सकाळी अचंबा वाटावा असं झालं. सुंदरबाईंनी मारुतीची तीच शिवी पुन्हा काढली. दिपमाला जागच्या जागी पळत राहिली, डोळे कोरडे, आणि ओरडून म्हणाली,

"मारोतीले सांगा अक्का, फौजमाथून त्यानासाठे बूट लई येसू. अनवानी कवलोंग पयी तो!"

मग बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुष्पाबाई उठून घरात गेल्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. त्या दिवसापासून पोरीला रडू येईना. कुणी काही बोललं की डोळ्यांत पाणी यायच्या आत तोंडात उत्तर यायचं, आणि उत्तर असं की बोलणारीने पुढचा शब्द शोधत बसावं. रक्तातच होतं ते, उशिरा बाहेर आलं इतकंच.

चैत्र लागून ऊन कडक झालं होतं, तेव्हा प्रेमराज नाना स्वतः मोटरसायकलवर गावात आले. चांगली पळणारी पोरगी हातची जातेय म्हणून माणूस बेचैन झाला होता. पारावर बायकांचा घोळका आणि मधोमध उठाबशा काढणारी दिपमाला बघून ते जरा चमकले. पुष्पाबाई पुढे झाल्या.

"बोला नाना. मोठ्यानं बोला. ती आता रडत नाही."

नानांनी हेल्मेट काढलं. त्यांना विश्वास बसला नसावा. ते मैदानावर जात तसे ताडताड चालत तिच्यासमोर गेले आणि छातीतून आवाज काढला.

"दिपमाला! हा बूट आहे का चिंधी? फौजेत निघालीस का गोठ्यातून सुटलेलं वासरू आहेस?"

दिपमालाने टाचा जुळवल्या.

"वासरूच आहे नाना," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "धुळ्याच्या गोठ्यात बैल फार हंबरत होता, म्हणून दावं तोडून आले."

सुलक्षणाने किंचाळून टाळी दिली. सुंदरबाईंचं बोळकं उघडंच राहिलं. आणि प्रेमराज नाना एवढे हसले, एवढे हसले, की हेल्मेट मांडीवर घेऊन पारावर बसून राहिले. हेमांगीने पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मिशा पुसल्या. चेहऱ्यावरचं हसू मात्र आता उतरलं होतं.

"मावशी," ते पुष्पाबाईंना म्हणाले, "पोरगी तयार केलीत, यात वाद नाही. पण उलट्या बाजूने केलीत."

"म्हणजे?"

"तिथे रडली असती तर एक वेळ चाललं असतं. पहिल्या महिन्यात कोण रडत नाही? बाथरूमचा नळ सोडून मीपण रडलोय. पण उस्तादाला उलट उत्तर? उन्हात बंदूक डोक्यावर धरून पळवतील, आणि तिला एकटीला नाही, तिच्यापायी अख्ख्या तुकडीला. सोबतच्या पोरी आठ दिवसांत हिचं तोंड बघणार नाहीत. तिथे ऐकायचं असतं, मावशी. सगळं ऐकायचं, डोळे समोर, आणि तोंड बंद."

दिपमालाने आजीकडे पाहिलं. आखाजी दोन आठवड्यांवर आली होती.

प्रेमराज नाना चहा घेऊन गेले. बायका पांगल्या. पुष्पाबाई पारावरच बसून राहिल्या. ज्या कामात आपला हात धरणारं कुणी नाही, नेमकं तेच चुकीचं शिकवून बसलो, ही गोष्ट पचायला वेळ लागतो. सुंदरबाई शेजारी होत्या. त्यांना ऊन लागत होतं, पण वहिनी उठेपर्यंत त्या उठणार नव्हत्या.

"वहिनी," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलेत तवय मी काय करू, याद शे का?"

पुष्पाबाईंनी वळून पाहिलं.

सुंदरबाईंनी दोन्ही पोकळ गाल फुगवले आणि ओठ घट्ट मिटले.

पुष्पाबाईंच्या कपाळावरची आठी उलगडली. इतक्या दिवसांत त्यांना सगळ्या शिव्या आठवल्या होत्या, पाणी आठवलं नव्हतं. बार म्हणजे बोलणं, एवढंच सगळ्यांच्या ध्यानात राहिलेलं. पण नदीवरून दोन आवाज एकदम निघाले तर एकही पोचत नाही. म्हणून जिची पाळी नाही तिने वाकून नदीचं ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं आणि समोरचीचं पुरं होईतो ती चूळ धरून उभं राहायचं. हसलीस तर कारंजं, रडलीस तर ठसका. समोरची घरादाराचा उद्धार करते आहे, आणि आपण गालात गार पाणी धरून, डोळे तिच्यावर रोखून, गप्प. निम्मा बार तर असाच जायचा.

"दिपमाला," पुष्पाबाईंनी तिथूनच हाक मारली, "लोटा लई ये."

पुढचे दिवस निंबाळ्यात फार मजेचे गेले. पार रोज सकाळी ओला. दिपमाला तोंडात चूळ धरून सावधान उभी, आणि बायका एकीमागून एक पुढे येऊन तिला सोलून काढतायत. पहिल्या दिवशी सुलक्षणाने तोंड उघडायच्या आत कारंजं उडालं आणि सुलक्षणाची साडी भिजली. दुसऱ्या दिवशी सुंदरबाईंची भिजली. त्या म्हणाल्या, बरं झालं, आंघोळ वाचली. तिखट उत्तर जिभेवर आलं की दिपमालाच्या भुवया नाचत, गाल थरथरत, नाकातून पाणी येई. पण हळूहळू पाणी तोंडात राहू लागलं. मग तशीच चूळ धरून पळणं सुरू झालं, नाकाने श्वास घेत. विहिरीपाशी पोचून ती जास्वंदीच्या मुळाशी चूळ टाकायची. त्या उन्हाळ्यात ती जास्वंद भलती फुलली.

आखाजीच्या सकाळी पुष्पाबाई वाळू तुडवत सारोळ्याच्या काठावर गेल्या. सारोळ्याच्या माहेरवाशीण त्या. त्यांची जागा तिकडे. निंबाळ्याच्या काठावर सुंदरबाईंना खुर्ची टाकून दिली. बातमी पसरलेली होतीच. दोन्ही गावांच्या बायका, माहेरी आलेल्या लेकी, झोके सोडून आलेल्या पोरी, कुणाच्या हातात सांजोरी, कुणाच्या ओठांना आमरस. मधे नदीत जुन्या डोहाचं घोट्याएवढं पाणी उरलं होतं. त्यात गौराई सोडून झाल्या. मग दिपमाला बूट घालून डोहाच्या कडेला वाळूत उभी राहिली, वाकून चूळ भरली आणि टाचा जुळवल्या. प्रेमराज नाना धुळ्याहून मुद्दाम आले होते. ते हाताची घडी घालून निंबाळ्याच्या बाजूला उभे होते.

वीस-बावीस वर्षांनी बोरीवर बार लागला. तो काय वर्णावा! पुष्पाबाईंचा आवाज पहिल्या ओळीला चिरकला, दुसरीला सापडला आणि तिसरीला नदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सुंदरबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. दोन्ही काठांनी मिळून एका पोरीला धरलं होतं. तिची चाल, तिचे दात, तिच्या बापाचे बैल, तिच्या आईचं वरण, तिला मिळणारा नवरा, त्या नवऱ्याचं नाक. हसून हसून बायकांच्या पोटात दुखू लागलं. दिपमाला हलली नाही. गाल फुगलेले, डोळे समोर.

दोन्ही काठ थकले. प्रेमराज नानांनी मान डोलावली. झालं, असं सगळ्यांना वाटलं.

तेव्हा बाभळीखालून नवल पुढे आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो वाळूत उतरला, लेकीपासून चार हातांवर थांबला. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. आता काय म्हणतो, 'बेटा, ऊन लागतं का'?

नवलने मुठी वळल्या.

"उभी काय राहिलीस इथं?" तो ओरडला. एवढ्या मोठ्याने, की डोहावरचे बगळे उडाले. "कोण आहे तुझं इथं? जा म्हणतो ना! जा!"

त्याचा आवाज शेवटी फाटला. दोन्ही काठांवर कुणी हसलं नाही. सारोळ्याच्या काठावर पुष्पाबाईंचा हात पदराकडे गेला.

दिपमालाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, गालांवरून हनुवटीवर आलं. पण ओठ मिटलेले होते, गाल फुगलेले होते, आणि मान ताठ होती. तोंडातला एक थेंब बाहेर आला नाही.

जुन्या नेमाने पाहिलं तर गाव हरलं होतं. बायकांनी प्रेमराज नानांकडे पाहिलं.

नानांनी घसा खाकरला. "डोळ्यांतलं चालतं," ते म्हणाले. "तिथे घाम समजतात."

आठवडाभरात जळगाव स्टेशनवर बंगळूरच्या गाडीत तिला बसवायला सगळे गेले. हेमांगीने कळण्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. नवलने बॅग आत नेऊन ठेवली, परत उतरला, काहीतरी विसरलंय म्हणून पुन्हा चढला आणि नुसताच खाली आला. सुंदरबाईंनी खिडकीतून हात घालून तिची हनुवटी धरली.

"दात पडले तरी येत नाही घरी आता," दिपमाला म्हणाली. "अक्का, तुमच्यासारखी बोळकी होऊन येईन."

"तवय बरोबरीनी व्हशी," सुंदरबाई म्हणाल्या.

पुष्पाबाई मागे बाकावर बसल्या होत्या. हातात पाण्याची बाटली होती. गाडीने शिटी दिली तेव्हा त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि खिडकीजवळ आल्या.

"मोठमाय, एक शिवी दे ना," दिपमाला हसत म्हणाली. "जाता जाता. चांगली, सारोळ्याची."

पुष्पाबाईंनी मान हलवली. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, कानशिलावर बोटं मोडली, पण तोंड उघडलं नाही. गाडी हलली. दिपमालाने आधी आश्चर्याने पाहिलं, मग तिला आजीचे गाल दिसले. ती खिडकीच्या गजांना धरून दिसेनाशी होईपर्यंत टाचा जुळवल्यासारखी ताठ बसून राहिली.

शेवटचा डबा गेल्यावर पुष्पाबाई प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेल्या आणि रुळांच्या कडेला चूळ टाकली.

पुढच्या आखाजीला ती सुट्टीवर आली. येताना मारुतीसाठी खरोखरच बूट घेऊन आली. पुजाऱ्याने ते गाभाऱ्यात ठेवू दिले नाहीत, म्हणून दाराबाहेर ठेवले आहेत, तिथेच आहेत अजून. बार आता दर वर्षी लागतो. सारोळ्याच्या बाजूने कॉलेजच्या पोरी बोलतात, निंबाळ्याच्या बाजूने सुलक्षणा, आणि तिच्यासमोर टिकणारी अजून कुणी निघालेली नाही. तिची सासू आता तिच्याशी जरा जपून बोलते. प्रेमराज नानांच्या मैदानावर सकाळी पोरं तोंडात चूळ धरून उभी असतात आणि नाना त्यांच्यावर ओरडत फिरतात. आईबाप विचारतात तेव्हा ते सांगतात, श्वासाचा व्यायाम आहे. सुंदरबाईंनी नवे दात बसवून घेतले, पण बाराच्या दिवशी त्या ते काढून डबीत ठेवतात. हेमांगी अंगणवाडीत अजून 'राजा'च म्हणते. नवल त्या दिवसानंतर पुन्हा कधी ओरडला नाही. बैल त्याचं तसंही ऐकतात.

दिपमालाला एके ठिकाणी नेमणूक मिळाली आहे. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. गेल्या महिन्यात ती सांगत होती, काही दिवस तिला नव्या मुलींच्या तुकडीसोबत राहायला पाठवलं होतं. ओडिशाची एक पोरगी होती, पहिल्याच दिवशी उस्ताद ओरडले तशी नळाखाली जाऊन रडत बसली, बॅग आवरायला लागली. "तिला मराठी येत नाही, हिंदी तुटकी. मी काय सांगणार? मी तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली आणि माझे गाल फुगवून दाखवले. ती बघतच राहिली. मग तिनेपण घोट घेतला. मग आम्ही दोघी तशाच समोरासमोर, कितीतरी वेळ..."

ती बोलता बोलता थांबली. इकडून काहीच आवाज नव्हता.

"मोठमाय? ऐकतेस ना?"

पुष्पाबाईंनी हातातला लोटा खाली ठेवला. तोंडातलं पाणी सावकाश गिळलं.

"ऐकी ऱ्हायनू," त्या म्हणाल्या. "तुनं व्हऊ दे पुरं."